जहाजाच्या टोकावर घर

सोलापूर, ६ डिसेंबर २०२५

अण्णा,

जहाजातलं घर आम्ही उचलून पुढे नेलं आहे.

तुला हे वाक्य लगेच कळेल, म्हणून प्रस्तावना केली नाही. तू ज्या जहाजांवर काम करतोस ती मला चित्रांतून माहीत आहेत. मागे इंजिन, इंजिनाच्या डोक्यावर तुमच्या केबिन, त्यावर कप्तानाचा ब्रिज, ब्रिजच्या पाठीला धुरांडं, आणि पुढे सगळे कंटेनर. आमच्या जहाजात केबिन आणि ब्रिज अगदी पुढच्या टोकाला आहेत. इंजिन मागेच. धुरांडंही मागे, पण मधोमध नाही, एका कडेला सरकवलेलं. मधली सगळी लांबी कंटेनरची. ब्रिजच्या समोर एकही डबा नाही, त्यामुळे कप्तानाला पाणी दिसावं म्हणून थप्पी बुटकी ठेवावी लागत नाही. पहिल्यांदा ड्रॉइंग उघडलं तेव्हा कुणीतरी ते उलटं पाठवलंय असं मला वाटलं. मग तासभर मी जागची उठले नाही.

असं जहाज जगात पहिलं नाही. काही वर्षांपासून अशी थोडी पाण्यात आहेत. पण आमच्या ऑफिसात पहिलंच, आणि ते मेथेनॉलवर चालणार आहे.

मी जुळे सोलापुरात एका डिझाइन ऑफिसात काम करते. पुण्याच्या कंपनीची छोटी शाखा आहे. परदेशातलं जहाज बांधणारं यार्ड मुख्य सांगाडा ठरवतं. आतल्या खोल्या, जिने, पाइप, वाटा आम्ही काढतो. अप्पांचं म्हणणं, "नळाला पाच दिसांनी पानी येतंय, आन् ही बसलीय जहाजं काढत." हे ते दर वेळी पाणी भरताना म्हणतात.

पत्राचं कारण एक तांत्रिक प्रश्न आहे. तू नंबर बदललास, पण ईमेल बदलला नाहीस. बहीण म्हणून, घरच्या कुठल्याही गोष्टीसाठी मी लिहीत नाहीये.

प्रश्न असा. रात्री इंजिनरूममध्ये कुणी नसतं आणि अलार्म ड्युटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये वाजतो, एवढं मला वाचून माहीत आहे. वाजल्यापासून तू खाली पोचायला किती वेळ लागतो? नियमात काय लिहिलंय ते नको, खरं काय होतं ते हवं. आमच्या जहाजावर केबिनपासून इंजिनपर्यंत डेकखालच्या बोळातून पावणेतीनशे मीटर चालावं लागेल. आपल्या मागांच्या कारखान्यातून निघून घोंगडे वस्तीच्या कोपऱ्यापर्यंत जाण्यासारखं, फक्त रस्ता हलता.

दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

रेश्मा

ता. क. अप्पांची तब्येत ठीक आहे. ते तुझ्याबद्दल काही विचारत नाहीत. विचारलं तर कळवीन.


सोलापूर, १४ डिसेंबर २०२५

अण्णा,

तू खरोखरच दोन ओळी लिहिल्यास. "दोन मिनिटं. झोपेतच पाय जातात, डोकं नंतर पोचतं. खरंच मेथेनॉल?"

तिसऱ्या वाक्यात प्रश्न तू विचारलास, तेव्हा आता ऐकून घे.

खरंच मेथेनॉल. तुमच्या काळ्या इंधनाइतकी ऊर्जा हवी तर दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून टाक्या प्रचंड. घर पुढे गेल्यामुळे जहाजाच्या पोटात जी मोकळीक झाली तिचा मोठा भाग या टाक्यांनी घेतला. पण त्याला द्रवरूप गॅससारखं अतिथंड ठेवावं लागत नाही, साध्या हवेत ते पाण्यासारखं वाहतं. पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे पाण्याच्या रेषेखाली टाकी थेट जहाजाच्या बाहेरच्या पत्र्याला लागून ठेवता येते, मध्ये रिकामा कप्पा सोडावा लागत नाही. हे नियमात वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून शेजारच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई गं, चहा घे आधी."

आणि त्याची ज्वाला! दिवसाउजेडी ती जवळजवळ दिसतच नाही. समोर आग लागलेली असते आणि माणसाला फक्त हवा थरथरताना दिसते. म्हणून भिंतीवर उष्णता ओळखणारे कॅमेरे लावायचे. प्रत्येक पाइपभोवती दुसरा पाइप, दोन्हींच्या मधून हवा सतत ओढून घ्यायची आणि ती हवा हुंगत राहणारं यंत्र बसवायचं. गळती झाली तर माणसाच्या आधी त्या यंत्राला कळतं.

आईला मी हे सांगायला नको होतं. ती म्हणाली, "मेथेनॉल म्हंजे त्या खोट्या दारूतलं न्हवं का? मानसं आंधळी होत्यात ते? आन् तू त्याची टाकी बांधनार!" मी म्हटलं, म्हणूनच इतकी काळजी घेतात. "मग घेऊच नये की मुळात," म्हणाली. पुढे भाकरी करपली आणि तो दोषही मेथेनॉलवर गेला.

आता माझं काम. तुझ्या दोन मिनिटांची आमच्याकडे चार-पाच होतात, खराब हवामानात आणखी. यावर मी एक गोष्ट सुचवली आहे आणि ती अजून तरी कुणी खोडलेली नाही. इंजिनरूमच्या कंट्रोल रूमला लागून एक ड्युटी केबिन. बिछाना, बेसिन, शौचालय, चहाची सोय, बिछान्याच्या बरोबर वर अलार्मचा दिवा. ज्याची ड्युटी तो रात्री तिथे झोपेल. पावणेतीनशे मीटरचे पंधरा मीटर झाले. यार्डाच्या मूळ ड्रॉइंगमध्ये हे नव्हतं. पूर्ण जहाजात मी काढलेली, माझ्या डोक्यातून आलेली, एवढीच एक खोली आहे. आमचे प्रमुख गंगाधर सर इतके खूश झाले की त्यांनी ती जहाजाच्या मालक कंपनीच्या बैठकीत मीच मांडावी असं ठरवून टाकलं. बैठक २० जानेवारीला, गावच्या यात्रेची सुट्टी संपल्यावर. त्यानंतर खोल्या बदलता येणार नाहीत.

ड्रॉइंग सोबत जोडलं आहे. बघ. बरं वाटलं तर तसं लिही, बैठकीत सध्या जहाजावर असलेल्या इंजिनिअरचं मत म्हणून सांगता येईल.

रेश्मा


सोलापूर, २१ डिसेंबर २०२५

अण्णा,

"ती खोली काढून टाक." एवढंच?

मी कारण मागते आहे. रुंदी कमी पडते का? आवाज? आवाजाचा मी विचार केला आहे, भिंतीत दोन थर आहेत. मेथेनॉलची वाफ? त्या खोलीत हवा बाहेरून येते, इंजिनरूममधून नाही. दरवाजा उलट्या बाजूला उघडतो का? तर तो बदलते.

आणि कारण नसेल, फक्त मी काढली म्हणून नको असेल, तर तेही लिही. मला चालेल. मग मी दुसऱ्या कुणाला विचारीन.

रेश्मा


सोलापूर, ४ जानेवारी २०२६

अण्णा,

तुझं मोठं पत्र आलं. इतकं तू कधी बोललासही नव्हतास.

तू लिहिलंस: "अलार्मचा दिवा बिछान्याच्या वर, डोळ्यांसमोर काढलायस. कुणाला बघून काढलास?"

मी कुणालाही बघून काढला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं. मग मी पुढचं वाचलं. दहावीत असताना तुझी खाट खाली कारखान्यात हलवली. रात्री वीज जायची, माग थांबायचे. वीज परत आली की कुणीतरी घरचं माणूस उठून ते चालू करायला आणि तुटलेले धागे जोडायला हवं होतं. खाटेवरचा बल्ब अप्पा मुद्दाम चालू ठेवायचे, म्हणजे वीज आली की उजेड तोंडावर पडून तुला जाग येईल. "सुरुवातीला फक्त वीज गेलेल्या रात्रीच झोपायचं होतं," असं तू लिहिलंस. "मग माझी पुस्तकं खाली आली. मग कपडे. मग जेवणाचं ताट. कुणी काही ठरवलं नाही. वर जेवायला बसलो की सगळे विचारायचे, आज वर कसा?"

मी वर झोपायचे. तुला खाली आवडतं असं मला वाटायचं, कारण तिथे मोठा पंखा होता.

पुढे तू जहाजाबद्दल लिहिलंस ते मी जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे. पुढे कप्तान, डेकवरचे, मेस, खिडक्या. मागे एक बिछाना. पहिल्या फेरीत ड्युटीवाला तिथे झोपेल. दुसऱ्या फेरीत त्याचं जेवण तिथे जाईल. तिसऱ्या फेरीत कंपनी म्हणेल, इंजिनवाल्यांना पुढे केबिन कशाला? आणि एका जहाजाची दोन गावं होतील, मध्ये पावणेतीनशे मीटर डबे.

मला पटलं नव्हतं. एखादी व्यवस्था वाईट वापरली जाईल म्हणून ती चुकीची ठरत नाही, असं उत्तर मी लिहायला घेतलं होतं. मग दुपारी खाली गेले.

कारखान्यात आता चारच माग चालू आहेत, सगळे टॉवेलचे. ज्ञानू म्हणून दुधनीकडचा एक कामगार आहे, तू गेल्यावर आलेला. पन्नाशीचा असेल. खाट तिथेच आहे, त्याच्या डब्यासकट, आरशासकट. वीज हल्ली फारशी जात नाही. त्याला मागच्या बोळात स्वतंत्र खोली दिलेली आहे, भाडं घेत नाहीत. मी विचारलं, तुम्ही खोलीत का झोपत नाही? तुम्हाला इथे झोपायला कुणी सांगितलं?

मागाच्या आवाजात त्याला दोनदा विचारावं लागलं. तो हसला. "कोन कशाला सांगंल, ताई? खाट हाय की."

मी वर येऊन अर्धं लिहिलेलं उत्तर पुसलं.

अडचण अशी आहे की गंगाधर सरांनी ती खोली माझ्या नावासकट यार्डाला पाठवून दिली आहे. यार्डाला आवडली आहे. ती काढायची तर अलार्मचं काय, याचं उत्तर माझ्याकडे हवं, आणि ते सोळा दिवसांत हवं. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आहे. तू मला एवढंच सांग: दहा अलार्म वाजले तर त्यातले किती खरोखर खाली जाऊन हात लावल्याशिवाय मिटत नाहीत? आणि कंट्रोल रूममधले सगळे आकडे, कॅमेरे, बटणं तुझ्यासमोर असती, पण इंजिन मात्र लांब असतं, तर?

लवकर लिही.

रेश्मा


सोलापूर, ९ जानेवारी २०२६

अण्णा,

दहापैकी तीन! बाकी सात बघून, वाट पाहून किंवा बटण दाबून मिटतात. हे तू इतक्या सहज लिहिलंस की मी ऑफिसात ओरडलेच. सगळ्यांनी वळून पाहिलं. ऑफिसात मी ओरडत नाही.

तर मग कंट्रोल रूमच पुढे न्यायची. ब्रिजच्या एक मजला खाली, मेसच्या शेजारी. घर पुढे नेलं आणि इंजिनिअरची खुर्ची तेवढी मागे विसरलो, कारण ती कायम इंजिनाजवळच असते. कायम का? जुन्या जहाजात दोन्ही एकत्र होती म्हणून. आवाज ऐकून, पायाला हादरा जाणवून इंजिनचं दुखणं कळतं हा तुझा मुद्दा मी घेतला आहे. इंजिनाच्या अंगावर कंपन मोजणारी यंत्रं बसवायची आणि खरा आवाज पुढे स्पीकरवर ऐकवायचा. तीन अलार्मांसाठी चालावं लागेल, पण तेव्हा दोघांनी मिळून जायचं, एकट्याने नाही. तुझी सूचना. मेथेनॉल असताना ती तशीही बरोबर आहे.

वायरिंग किती वाढेल याचा हिशेब करते आहे. खूप वाढेल. मला झोप येत नाहीये आणि त्याचं काही वाईट वाटत नाहीये.

तू फेब्रुवारीत जहाजावरून उतरणार असल्याचं शेवटच्या ओळीत लिहिलं आहेस. कुठे जाणार ते लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

रेश्मा


सोलापूर, २१ जानेवारी २०२६

अण्णा,

काल बैठक झाली. क्रमाने सांगते, नाहीतर मी मधूनच सुरू करीन.

सकाळी गंगाधर सरांना सांगितलं की मी खोली मांडणार नाही, काढायला सांगणार आहे. ते म्हणाले, "रेश्मा मॅडम, महिनाभर त्या खोलीसाठी तुम्हीच माझं डोकं खाल्लंत. यार्डाला मी सांगितलं, आमच्या मुलीची कल्पना आहे. आता तुम्हीच पाडताय? लोक म्हणतील, सोलापूरकरांना सकाळी एक सुचतं आणि संध्याकाळी एक." मी म्हटलं, संध्याकाळचं जास्त बरोबर आहे. ते म्हणाले, "आपटलात तर एकट्या आपटा, ऑफिसला ओढू नका." पण अडवलं नाही. हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

पडद्यावर यार्डाचे तिघं होते आणि मालक कंपनीची एक बाई. केस पांढरे, स्वतः पूर्वी जहाजावर इंजिनिअर. यार्डाच्या माणसाने माझी ड्युटी केबिन दाखवली, कौतुक केलं आणि मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, ही खोली मी काढली होती आणि ती चुकीची आहे.

मग त्या बाईंनी विचारलं, कशी चुकीची? मापं तर बरोबर आहेत.

मी म्हटलं, मापं बरोबर आहेत. पण यंत्राशेजारी बिछाना ठेवला की माणूस तिथे राहायला जातो. त्याला कुणी सांगावं लागत नाही.

यार्डाचा माणूस म्हणाला, ही भावनेची गोष्ट झाली. मी म्हटलं, नाही, ही आराखड्याची गोष्ट आहे, बिछाना आराखड्यातच आहे. मग मी पुढच्या कंट्रोल रूमचं ड्रॉइंग उघडलं. अण्णा, माउस मी शेजारच्याला दिला आणि बोलत राहिले. तुझे दहापैकी तीन सांगितले. बाई म्हणाल्या, हा आकडा कुठून आला? मी म्हटलं, सध्या जहाजावर असलेल्या एका सेकंड इंजिनिअरकडून. त्या म्हणाल्या, माझ्या काळात चार होते. आणि हसल्या.

त्यानंतर जवळजवळ तासभर भांडण झालं. वायरींचा खर्च, पुढच्या टोकाला लाटांचे तडाखे, खुर्च्या जमिनीला जखडायच्या का, पुढे आग लागली तर इंजिन कोण बंद करणार. त्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर गंगाधर सरांनी दिलं. मागे आणीबाणीचं छोटं पॅनेल ठेवायचं, असं ते म्हणाले, जणू हे आमचं आधीच ठरलं होतं. ठरलं नव्हतं.

निकाल: कंट्रोल रूम पुढे. आधी तिचा खऱ्या मापाचा लाकडी नमुना पुण्यात उभा करायचा, खुर्चीत बसून पाहायचं, मगच शिक्का. मागची खोली राहिली, पण तिच्यात आता डोळे धुण्याचा फवारा, संरक्षक कपडे, प्रथमोपचार, फोन आणि एक बाक आहे. बाकाची रुंदी मी एवढीच ठेवली आहे की त्यावर बसता येईल, आडवं होता येणार नाही.

ऑफिसात पेढे आले. सर म्हणाले, "आमच्या मुलीची कल्पना आहे." दोन्ही वेळा तेच वाक्य.

रेश्मा


सोलापूर, १ फेब्रुवारी २०२६

अण्णा,

दोन गोष्टी आहेत.

पहिली. पुण्याच्या नमुन्यात बसून तपासायला एक इंजिनिअर हवा आहे, जो आत्ताआत्तापर्यंत जहाजावर होता आणि तोंडावर नाही म्हणू शकतो. मालक कंपनीच्या बाईंनी विचारलं, तो दहापैकी तीनवाला कोण? मी तुझं नाव दिलं आहे. तुला न विचारता दिलं. ९ मार्च, दोन दिवस. मीही असेन.

दुसरी. तू विचारलं नाहीस, पण अप्पांनी विचारलं तर कळवीन असं पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं, तेव्हा कळवते.

काल सुट्टी होती. जहाजाचं लांबट ड्रॉइंग कागदावर छापून आणलं होतं, ते मी जेवणाच्या खोलीत फरशीवर पसरलं होतं. अप्पा चष्मा पुसत आले, उकिडवे बसले. मग म्हणाले, "ह्यात अमृत कुठं असंल?"

मी म्हटलं, अण्णा या जहाजावर नाही, आणि हे जहाज अजून झालेलंच नाही.

"ठावं हाय गं. असला तर?"

मी पुढच्या टोकावर बोट ठेवलं. दुसरा मजला, उजवी बाजू, ही त्याची खिडकी.

"खिडकी हाय व्हय," ते म्हणाले. "आन् विंजिन?"

मला गुडघ्यांवर सरकत कागदाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. त्यांनी तिथून खिडकीपर्यंतचं अंतर हाताच्या वितीने मोजलं, कापड मोजतात तसं. चार वितींच्या थोडं वर भरलं. मग इंजिनाशेजारच्या त्या खोलीवर अंगठा ठेवला. ड्रॉइंग वाचता येत नाही त्यांना, पण बरोबर तिथेच ठेवला.

"आन् हितं खाट?"

मी म्हटलं, होती. काढली.

त्यांनी अंगठा उचलला नाही. खाली माग चालू होते. "बरं केलंस," म्हणाले. मग आईला हाक मारून त्यांनी पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत तसेच बसून राहिले.

हे तुला कळवायला त्यांनी सांगितलेलं नाही. त्यांनी सांगितलं असं समजून तू येऊ नकोस, आणि त्यांनी सांगितलं नाही म्हणून येणं टाळू नकोस. पुण्याला यायचं नसेल तर त्या बाईंना तूच कळव. मी तुझं नाव मागे घेणार नाही.

रेश्मा